घरी बांधलेल्या विमानात जीपीएस वारंवार जात असेल तर: दोष शोधण्याची पद्धत

उडताना जीपीएस गेला, उतरल्यावर आपोआप परत आला, आणि हँगरबाहेर तासभर उभं करून पाहिलं तर ठणठणीत चालतोय. घरी बांधलेल्या विमानातला हा सगळ्यात वैताग आणणारा दोष आहे. अशा वेळी बहुतेक जण नवा अँटेना मागवतात. मीही तेच केलं होतं. नवा अँटेना बसवला, चौथ्या उड्डाणात जीपीएस पुन्हा गेला, आणि शेवटी दोष सापडला तो अँटेनापासून दोन वितींवरच्या कनेक्टरमध्ये. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी वही, मग मल्टिमीटर, मग पाना-स्क्रूड्रायव्हर, आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

कारखान्यातून आलेल्या विमानात अँटेना कुठे बसवायचा, केबल कुठून न्यायची, रेडिओपासून किती अंतर ठेवायचं हे कोणीतरी तपासून प्रमाणित केलेलं असतं. आपल्या विमानात हे सगळं आपणच ठरवलेलं असतं, त्यामुळे संशयितांची यादी लांबते. पण कुठली वायर कुठून गेली आहे हे आपल्याइतकं कोणालाच माहीत नसतं, आणि या शोधात त्याचा फार उपयोग होतो.

हवेत असताना

हवेत असताना दुरुस्ती करायची नाही. विमान उडवत राहा, दिशा आणि उंची धरा, खालच्या खुणा ओळखा, नकाशा उघडा. ऑटोपायलट जीपीएसच्या मार्गावर चालत असेल तर तो सोडून हाताने किंवा हेडिंग मोडवर (नुसती दिशा धरणाऱ्या मोडवर) या. काही ईफिस पडद्यांमध्ये (उड्डाणाची माहिती दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पडद्यांमध्ये) विमानाचा कल दाखवणारी यंत्रणाही वेगासाठी जीपीएसचा आधार घेते. आपल्या ईफिसचं काय आहे हे त्याच्या मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा. एडीएस-बी आउट, म्हणजे आपली जागा आपोआप प्रसारित करणारी यंत्रणा, असेल तर तुमची जागा इतरांना दिसेनाशी झालेली असू शकते, म्हणून नियंत्रकाशी संपर्कात असाल तर जीपीएस गेल्याचं त्याला सांगा.

हवेत एवढीच आणखी एक गोष्ट करायची: घड्याळाकडे बघून वेळ लक्षात ठेवा, आणि सोबत दुसरं कोणी असेल तर त्याला जीपीएसच्या पडद्यावरच्या उपग्रहांच्या पानाचा फोटो काढायला सांगा.

पहिली पायरी: कधी जातो ते लिहा

माझ्या मते अर्धा दोष इथेच सापडतो. प्रत्येक वेळी जीपीएस गेला की या गोष्टी वहीत उतरवा: वेळ, उंची, दिशा, वळणात होतात की सरळ, रेडिओवर बोलत होतात का आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, कुठले दिवे चालू होते, कुठला चार्जर लावलेला होता, इंजिन सुरू होऊन किती मिनिटं झाली होती. पाच-सहा नोंदी झाल्या की आकृतिबंध दिसायला लागतो. फक्त डाव्या वळणात जातो. बोलायचं बटण दाबलं की जातो. उड्डाणानंतर वीस मिनिटांनी जातो आणि इंजिन थंड झालं की परत येतो. यातल्या प्रत्येकाची दिशा वेगळी आहे.

आता उपग्रहांच्या पानाचा तो फोटो बघा. बहुतेक रिसीव्हर प्रत्येक उपग्रहासाठी एक पट्टी दाखवतात, काही सिग्नल आणि नॉइज (विद्युत गोंगाट) यांच्या गुणोत्तराचा आकडा डेसिबल-हर्ट्झमध्ये देतात. उघड्या आकाशाखाली वर असलेल्या उपग्रहांचे आकडे साधारण ४० ते ५० च्या दरम्यान असतात. तिशीच्या खाली गेले की फिक्स, म्हणजे उपग्रहांवरून काढलेली जागा, डळमळायला लागतो. त्रिमितीय फिक्सला किमान ४ उपग्रह लागतात, आणि मिळालेली जागा चुकीची नाही ना हे रिसीव्हरला स्वतः पडताळायचं असेल तर किमान ५.

आकाशाच्या एकाच बाजूच्या पट्ट्या गायब असतील तर काहीतरी आडवं येतंय. सगळ्या पट्ट्या एकदम बुटक्या झाल्या असतील तर कुठलंतरी उपकरण नॉइज ओततंय. सगळ्या क्षणात शून्य झाल्या तर केबल, कनेक्टर किंवा अँटेनाचा वीजपुरवठा. आणि पानच कोरं झालं किंवा ‘डेटा नाही’ असा संदेश आला, तर सिग्नलचा बहुधा काही संबंध नाही, माहिती रिसीव्हरपासून पडद्यापर्यंत पोचत नाहीये.

दुसरी पायरी: तुमच्याकडे नेमकं काय बसवलंय

बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, छोटी चपटी डबी. पण एका प्रकारात डबीत फक्त अँटेना असतो आणि जाड गोल कोअॅक्स केबलने तो पॅनेलमधल्या रिसीव्हरला जोडलेला असतो. दुसऱ्या प्रकारात अख्खा रिसीव्हर त्या डबीतच असतो आणि खाली चार-पाच बारीक वायरी येतात: वीज, ग्राउंड, डेटा. घरी बांधलेल्या विमानांच्या ईफिसबरोबर हा दुसरा प्रकार सर्रास येतो. त्यात कोअॅक्सचा दोष असूच शकत नाही, आणि पहिल्या प्रकारात बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) तपासत बसणं वाया. बऱ्याच विमानांत दोन्ही असतात, एक नेव्हिगेटरसाठी आणि एक ईफिससाठी. तसं असेल तर दोन्ही एकाच वेळी जातात का ते बघा. एकत्र जात असतील तर कारण दोघांना सामाईक असलेल्या गोष्टीत आहे: नॉइज, वीज किंवा बाहेरचा अडथळा.

तिसरी पायरी: अँटेनाला आकाश दिसतंय का

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर निघालेला सिग्नल खाली येईपर्यंत इतका क्षीण होतो, की एका वॅटचे एकावर सोळा शून्य इतके भाग केले तर त्यातला जेमतेम एखादा भाग अँटेनाच्या वाट्याला येतो. हा आकडा डोक्यात ठेवला की पुढच्या सगळ्या सूचना का आहेत ते कळतं.

फायबरग्लास, लाकूड आणि कापड यांतून सिग्नल आरपार जातो. अॅल्युमिनियमच्या पत्र्यातून जात नाही. कार्बन फायबरमधूनही जात नाही, आणि इथे पुष्कळांची फसगत होते, कारण रंग दिल्यावर कार्बन आणि फायबरग्लास सारखेच दिसतात. धातूचे कण असलेला रंग, आकाशातल्या विजेपासून बचावासाठी बसवलेली धातूची जाळी आणि कॅनोपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक छतावर) लावलेली धातूमिश्रित सनफिल्म यांनीही सिग्नल अडतो. मध्यंतरी कॅनोपीवर फिल्म लावली असेल आणि त्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर पुढचं काही करण्याआधी ती काढून बघा.

व्हॅन्सच्या आरव्ही मालिकेतल्या बऱ्याच विमानांत अँटेना फायरवॉलवरच्या (इंजिन आणि कॉकपिट यांमधल्या भिंतीवरच्या) छोट्या कप्प्यात, फायबरग्लासच्या काउलखाली, म्हणजे इंजिनच्या आवरणाखाली, बसवतात. जागा सोयीची आहे आणि बाहेरून काही दिसतही नाही. पण तिथे इंजिनची उष्णता असते आणि इग्निशन जवळ असतं. इंजिन तापल्यावर जीपीएस जातो असं वहीत दिसत असेल तर अँटेनाच्या तळाशी तापमान दाखवणारी स्टिकर पट्टी लावून एक उड्डाण करा आणि आलेला आकडा अँटेनाच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेशी ताडून पाहा. ग्लेअरशील्डखाली (पॅनेलवरच्या छज्जाखाली) बसवलेल्या अँटेनाची अडचण वेगळी: सरळ उडताना पुरेसं आकाश दिसतं, तीव्र वळणात ते निम्मं होतं.

ग्राउंड प्लेनही विसरू नका. पुष्कळ अँटेनांना खाली धातूचा सपाट पत्रा लागतो. धातूच्या विमानात तो आपोआप मिळतो, कंपोझिट विमानात तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची पत्री मुद्दाम चिकटवावी लागते. तिचं माप अँटेनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

जागा दोषी आहे की नाही हे ठरवायची एक सोपी चाचणी आहे. अँटेना खोलून, तात्पुरत्या चांगल्या केबलवर विमानाच्या बाहेर उघड्यावर, एखाद्या धातूच्या ताटावर ठेवा. आकडे लगेच सुधारले तर जागा किंवा मूळ केबल यांपैकी एक दोषी आहे. आता तोच अँटेना त्याच तात्पुरत्या केबलसकट मूळ जागी ठेवा. आकडे चांगलेच राहिले तर मूळ केबल, पडले तर जागा.

चौथी पायरी: केबल आणि कनेक्टर

इथे घाई करू नका. दोषांचा सगळ्यात मोठा वाटा इथेच असतो, कारण हे कनेक्टर आपण स्वतः क्रिम्प केलेले (हत्याराने दाबून बसवलेले) असतात, बहुधा रात्री, पॅनेलखाली उलटं पडून.

आधी केबल कुठली आहे ते तिच्यावरचा छाप वाचून पाहा. जीपीएससाठी आरजी-४०० वापरतात: दुहेरी जाळी, टेफ्लॉनचं इन्सुलेशन, उष्णतेला टिकणारी. साध्या आरजी-५८ मध्ये या फ्रिक्वेन्सीला सिग्नल जास्त गळतो आणि जाळी एकेरी असल्याने बाहेरचा नॉइज आत येतो. आरजी-४०० मध्येही दर मीटरला अर्ध्या डेसिबलपेक्षा थोडी जास्त घट होतेच. मात्र केबल जितकी आखूड तितकी बरी असं प्रत्येक वेळी नसतं. काही रिसीव्हरांच्या मॅन्युअलमध्ये केबलची कमीत कमी घटही ठरवून दिलेली असते, कारण अँटेनातला अॅम्प्लिफायर आखूड केबलवर रिसीव्हरला गरजेपेक्षा जास्त जोर देतो.

मग विजेची तपासणी. बहुतेक अँटेनांत अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला वीज त्याच कोअॅक्समधून वर जाते, साधारण ५ व्होल्ट, काहींत ३.३. अँटेनाच्या टोकाचा कनेक्टर काढा, रिसीव्हर चालू करा आणि मधली पिन व बाहेरचं कडं यांच्यात व्होल्टेज मोजा. प्रोबचं टोक पिनवरून घसरून कड्याला लागू देऊ नका. काही रिसीव्हर असा शॉर्ट सहन करतात, काहींचा वीजपुरवठा तिथेच संपतो. व्होल्टेज नसेल तर केबल तुटलेली आहे, रिसीव्हर वीज देत नाही, किंवा मध्ये बसवलेला स्प्लिटर (सिग्नल दोन ठिकाणी वाटणारा भाग) ती अडवतोय.

त्यानंतर सगळं बंद करून केबलची दोन्ही टोकं मोकळी करा. पिन ते पिन जवळजवळ शून्य ओहम आलं पाहिजे, कडं ते कडं तसंच, आणि पिन ते कडं काहीही जोड असता कामा नये. हे मोजताना एकाला केबल हलवायला सांगा: कनेक्टरजवळ वाकवा, क्लॅम्पपाशी ओढा, फायरवॉलच्या छिद्रात पिळा. आकडा नुसता थरथरला तरी तो दोष समजा.

माझ्या विमानात मल्टिमीटरने काहीच दाखवलं नव्हतं. कनेक्टर उघडून भिंगाखाली धरला तेव्हा दिसलं: जाळीची एकच तार, केसाएवढी, कापायची राहून गेलेली, आत वळून मधल्या पिनच्या टेफ्लॉनवर टेकलेली. जमिनीवर ती पिनपासून जेमतेम सुटी असायची, इंजिनच्या थरथराटात टेकायची, आणि अँटेनाची वीज क्षणभर शॉर्ट व्हायची. रिसीव्हर सुरक्षिततेसाठी ती वीज बंद करायचा आणि काही मिनिटांनी पुन्हा देऊन बघायचा. म्हणून जीपीएस ‘आपोआप’ परत यायचा.

तेव्हा संशय असलेला कनेक्टर बाहेरून पाहून सोडून देऊ नका. कापून टाका आणि नवा लावा. पिन पूर्ण आत बसली आहे का, ती इतर कनेक्टरांच्या पिनइतकीच पुढे आली आहे का, क्रिम्पच्या हत्याराचा साचा त्या केबलसाठीचाच आहे का, हे तिन्ही बघा. आत हिरवट डाग किंवा ओल दिसली तर नुसता कनेक्टर बदलून भागत नाही: पाणी अँटेनाच्या बुडातून येतंय, तिथला रबरी ओ-रिंग बदला. केबल कुठे काटकोनात मोडली आहे का तेही पाहा. २५ मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत आरजी-४०० वळवू नये.

पाचवी पायरी: नॉइज कोण करतंय

विमान हँगरमधून बाहेर, इमारतींपासून लांब उभं करा. इंजिन बंद, बॅटरीवर फक्त जीपीएस चालू. पंधरा मिनिटं थांबा आणि प्रत्येक उपग्रहाचा आकडा लिहा. ही तुमची आधाररेषा. आता एकेक उपकरण चालू करा, प्रत्येकानंतर दोन मिनिटं थांबा, आकडे लिहा, ते बंद करा, आणि आकडे परत वर येतात का ते बघा. एका वेळी एकच. कंटाळवाणं काम आहे, पण दोन उपकरणं एकदम चालू केलीत की निष्कर्ष हातातून जातो.

आधी संशय घ्यायचा तो उड्डाणयंत्रांवर नव्हे, नंतर आणून लावलेल्या वस्तूंवर. कॅनोपीला चिकटवलेला छोटा कॅमेरा, सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला यूएसबी चार्जर, स्वस्त डीसी-डीसी कन्व्हर्टर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, अँटेनाशेजारी ठेवलेला टॅब्लेट. यांच्या आत वेगाने चालू-बंद होणारे सर्किट असतात आणि त्यांचा नॉइज फ्रिक्वेन्सींच्या फार मोठ्या पट्ट्यात पसरतो. कॅमेरा ग्लेअरशील्डवर, म्हणजे अँटेनापासून हातभर अंतरावर असेल, तर तो बंद करताच पट्ट्या डोळ्यांदेखत वर चढताना दिसू शकतात. उपाय बहुतेक वेळा अंतर वाढवणं हाच असतो. फेराइटचा मणी वायरीवर चढवून फरक पडतो, पण नॉइज खुद्द डबीतूनच बाहेर पडत असेल तर नाही.

इग्निशन आणि अल्टरनेटर तपासायला इंजिन चालू करावं लागतं. चाकांना अडसर लावा, ब्रेक धरा, आकडे लिहिणारा माणूस कॉकपिटमध्येच बसलेला असू द्या, प्रोपेलरच्या आसपास कोणी नको. अल्टरनेटरचा स्विच बंद-चालू करून फरक बघा. इंजिन सुरू करतानाच जीपीएस जात असेल तर तो नॉइज नाही: स्टार्टरमुळे बॅटरीचं व्होल्टेज खाली जातं आणि रिसीव्हर रीस्टार्ट होतो.

आता रेडिओ. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये बोलतो आणि जीपीएस १५७५.४२ वर ऐकतो. वरवर पाहता दोघांचा संबंध नाही. पण १३१.२८५ ला १२ ने गुणा, बरोबर १५७५.४२ येतात. १२१.१८६ ला १३ ने गुणलं तरी जवळपास तेच. रेडिओ बोलताना मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतही थोडी ऊर्जा बाहेर टाकतो, आणि उपग्रहाच्या त्या क्षीण सिग्नलपुढे ती थोडीशी ऊर्जाही प्रचंड ठरते. म्हणून ही चाचणी १२१.१५०, १२१.१७५, १२१.२००, १३१.२५०, १३१.२७५ आणि १३१.३०० या फ्रिक्वेन्सींवर करतात. प्रत्येकीवर आधी ऐका, तुमच्या भागात ती कोणाच्या वापरात आहे का ते तपासा, आपली ओळख सांगून ‘चाचणी’ म्हणा, आणि मॅन्युअलने सांगितलेल्या वेळेपुरतंच बटण दाबून धरा. जवळची १२१.५ ही आपत्कालीन फ्रिक्वेन्सी आहे, चुकूनही तिच्यावर जाऊ नका. दोन रेडिओ असतील तर दोन्हींवर चाचणी करा.

इथे जीपीएस पडला तर आणखी एक गोष्ट करून बघा: ईएलटीच्या (अपघातानंतर जागा कळवणाऱ्या आपत्कालीन ट्रान्समीटरच्या) अँटेनाची केबल ईएलटीपासून काही वेळापुरती सोडवा आणि चाचणी पुन्हा करा. रेडिओचा सिग्नल ईएलटीच्या अँटेनात शिरतो, ईएलटीच्या आतल्या सर्किटमध्ये त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी तयार होतात आणि त्याच अँटेनातून परत बाहेर पडतात. गुन्हेगार रेडिओ वाटतो, असतो ईएलटी. अशा वेळी ईएलटीच्या किंवा रेडिओच्या अँटेना केबलमध्ये १५७५.४२ चा नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी अडवणारा फिल्टर) बसवतात. ईएलटी आणि जीपीएस यांच्या अँटेनांमधलं अंतर वाढवता येत असेल तर ते आधी वाढवा. चाचणी संपल्यावर ईएलटीची केबल परत जोडायला विसरू नका, त्यासाठी कंट्रोल स्टिकवर लाल फीत बांधून ठेवा.

सहावी पायरी: डेटा, सेटिंग, जुना रिसीव्हर

डबीतच रिसीव्हर असलेल्या प्रकारात डी-सब कनेक्टरची (वायरींच्या बहुपिनी कनेक्टरची) पिन तिच्या खाचेत नीट अडकलेली आहे का ते वायर हलकेच ओढून बघा. बॉड रेट दोन्हीकडे सारखा हवा. रिसीव्हरचं ग्राउंड पडद्याच्या ग्राउंडपाशीच नेलेलं बरं.

बरेच महिने बंद असलेल्या रिसीव्हरला पहिल्या दिवशी वेळ द्या. सगळ्या उपग्रहांचा ढोबळ तक्ता, म्हणजे अल्मनॅक, पूर्ण उतरायला १२.५ मिनिटं लागतात. रिसीव्हर खूप जुना असेल आणि तारीख सुमारे १९.६ वर्षं मागची दाखवत असेल, तर तो आठवड्यांच्या मोजणीचा घोळ आहे. ही मोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते, ती १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये आली होती. फर्मवेअर मिळालं तर ठीक, नाहीतर रिसीव्हर बदलावा लागतो.

सातवी पायरी: दोष बाहेरचा आहे का

त्याच जागी, त्याच वेळी दुसऱ्या विमानांचाही जीपीएस जात असेल तर आपलं विमान उघडू नका. लष्करी सराव आणि संघर्षाच्या भागात जीपीएस मुद्दाम दाबला जातो, बऱ्याचदा नोटॅममध्ये (वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेत) त्याची माहिती असते. खोटा सिग्नल सोडला जातो तेव्हा पट्ट्या उलट उंच दिसतात, पण जागा किंवा घड्याळ एकदम उडी मारतं. सोबत बॅटरीवर चालणारा स्वतंत्र हँडहेल्ड रिसीव्हर ठेवला तर हा प्रश्न एका उड्डाणात निकालात निघतो. एकट्या फोनवर विसंबू नका, तो मोबाइल नेटवर्कचीही मदत घेतो.

दुरुस्तीनंतरचं उड्डाण

दिवसा, चांगल्या हवेत, ओळखीच्या परिसरात जा. वहीतली मूळ परिस्थिती मुद्दाम उभी करा: तीच वळणं डावी-उजवी, पूर्ण ३६०, तितकाच वेळ तापलेलं इंजिन, तेच दिवे, तोच कॅमेरा. रेडिओच्या फ्रिक्वेन्सी मात्र हवेतून तपासू नका, तिथून आवाज शेकडो किलोमीटर जातो. आधी पाच-सहा उड्डाणांत एकदा दोष येत असेल, तर एक स्वच्छ उड्डाण पुरत नाही, किमान दहा करा.

मग काय बदललं, कुठला कनेक्टर, कुठली केबल, हे तारखेसकट लॉगबुकमध्ये लिहा. त्याच पानावर आधाररेषेचे आकडेही लिहा, विमान कुठे उभं होतं त्याच्यासकट. पुढच्या वार्षिक तपासणीत विमान त्याच जागी उभं करून तेच आकडे पुन्हा घ्या. सगळ्या उपग्रहांचे आकडे सरसकट ३-४ डेसिबलने खाली आले असतील, तर जीपीएस अजून एकदाही गेला नसला तरी आधी अँटेनाखालचा कनेक्टर उघडा.